मावसाजींची डावी बाही

जगात भित्री माणसं पुष्कळ आहेत. कुणी पालीला भितं, कुणी पोलिसाला, कुणी बायकोला. पण आपल्याच डोक्यात आता पुढचा विचार कोणता येईल या धास्तीने ज्यांनी उभा जन्म काढला, असे निमाड-खानदेशात मिळून एकच गृहस्थ निघाले आणि ते नेमके आमच्या वाट्याला आले. हे माझ्या मावशीचे यजमान. जळगावकडचे आमचे नातेवाईक अशा माणसाला सरळ काका म्हणतात. पण आम्ही पडलो बुऱ्हाणपूरचे. आमची मराठी रोज सकाळी हिंदीच्या ओट्यावर जाऊन गप्पा मारते आणि येताना दोन-चार शब्द पदरात बांधून आणते. तसे मावशीचे यजमान आमच्याकडे मावसाजी झाले. उंच, वाळकुडे, नाकावर जाड भिंगाचा चष्मा आणि अंगात कायम पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मे महिन्यात आमच्या गावची कुत्रीसुद्धा गटारात बसतात, तेव्हाही मावसाजींच्या मनगटाचं बटण सुटायचं नाही. खिशात पेन नसे. शिंप्याकडे असतो तसा चपटा निळा खडू असे. आणि डाव्या बाहीच्या पट्टीवर, संध्याकाळपर्यंत, पाच-पंचवीस निळ्या रेघा.

या रेघा म्हणजे त्या दिवशी मनात आलेले वाईट विचार.

हे कुठून आलं ते सांगायचं तर मावसाजींचा धंदा सांगावा लागतो. ते एका पॉवरलूमच्या कारखान्यात चेकर होते. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, आणि वरून सरकत जाणारं कोरं कापड. तुटलेला धागा, गाठ, जाळं, तेलाचा डाग, जे काही दिसेल तिथे निळ्या खडूची खूण करायची आणि कापड पुढे ओढायचं. दिवसाला शेकडो मीटर कापड त्यांच्या डोळ्यांखालून जायचं आणि त्यांच्या नजरेतून मुंगीएवढी गाठ सुटायची नाही. रोज आठ तास दुसऱ्याच्या कापडातले दोष शोधणारा माणूस घरी येऊन गप्प कसा बसेल? त्यांनी तेच टेबल स्वतःच्या डोक्यात मांडलं. "विचार म्हंजे धागा हाये बेटा," ते मला सांगायचे. "दिसत नाही, पण आत विणून राह्यला. आणि जे आत विणलं तेच एक दिवस बाहेर निघते." याचा अर्थ त्यांच्या लेखी अगदी सरळ होता. मावशी बाजारात गेली आणि मनात आलं की हिला ऑटोने धडक दिली, तर तो विचार विणला गेला. आता तो बाहेर यायच्या आत त्यावर खूण झाली पाहिजे. खूण झाली म्हणजे माल पास होत नाही, तिथेच बाजूला पडतो. म्हणून खिशातून खडू, बाहीवर रेघ, आणि मग एक सुस्कारा.

त्यांना मूलबाळ नव्हतं. काळजी करायला घरात मावशी आणि चार घरं सोडून राहणारी मी, एवढा दोघींचाच माल होता, पण तो त्यांना जन्मभर पुरला. गल्लीतली माणसं त्यांची बाही वर्तमानपत्रासारखी वाचत. "काय मावसाजी, आज लाईन कमी दिसून राह्यली?" असं कोपऱ्यावरच्या पानवाल्याने विचारलं की हे दचकत आणि "बोलू नको, बोलू नको, दिवस बाकी हाये अजून" म्हणून तिथल्या तिथे एक रेघ मारत. मी बारावीला असताना पोहायला म्हणून तापीच्या राजघाटावर गेले, त्या दिवशी दोन्ही बाह्या भरल्या होत्या आणि शर्टाच्या खालच्या टोकापर्यंत काम आलं होतं. मी घरी आले तेव्हा ते अंगणात निळ्या पट्ट्यांचा शर्ट घातल्यासारखे उभे होते. मला रागवले नाहीत. फक्त माझे ओले केस हाताने चाचपून पाहिले आणि आत जाऊन आडवे झाले.

विचारांचं भय म्हटल्यावर शब्दांचं आलंच. आपल्याकडे दिवा विझवला म्हणत नाहीत, बांगडी फुटली म्हणत नाहीत. बांगडी वाढवतात, दुकान वाढवतात. अशुभ शब्द तोंडात नको म्हणून शहाण्या माणसांनी काढलेली ही पळवाट. शहाणी माणसं दोन-तीन वस्तूंवर थांबली. मावसाजी थांबले नाहीत. त्यांच्या घरात काहीही 'बंद' होत नसे, सगळं 'वाढत' असे. नळ वाढव, रेडिओ वाढव, दार वाढव. मावशीला सवय होती. पण एकदा देडतलाईहून तिची नवी भाचेसून दोन दिवस राहायला आली. दूध उतू चाललेलं पाहून मावसाजी ओट्याच्या दिशेने ओरडले, "अवं गॅस वाढव, गॅस वाढव!" त्या बिचारीने सासरच्या वडीलधाऱ्या माणसाचा शब्द खाली पडू दिला नाही. बटण पुरतं फिरवलं. दूध ओट्यावरून खाली, तिथून फरशीवर. मावसाजी आणखी घाबरून "वाढव, वाढव!" आणि ती रडकुंडीला येऊन "मावसाजी, आता याच्यापुढं नाही वाढत!" शेवटी मावशीने येऊन गॅस बंद केला आणि 'बंद' हा शब्दही मोठ्याने उच्चारला. त्या दिवशीच्या रेघांमधल्या चार त्या शब्दाच्या.

तापीचा पूल ओलांडताना ते ऑटोत दोन्ही पाय उचलून धरत, म्हणजे पुलावर आपलं वजन पडायला नको. केळीने भरलेला ट्रक मागून आला की रस्ता सोडून शेतात उतरत. फोपनारच्या एका लग्नाला जाताना असे ते तीनदा उतरले आणि मांडवात पोचले तेव्हा वऱ्हाडी पानं टाकून उठत होते. असीरगडावर तर ते दरवेळी तेलाची छोटी बाटली घेऊन जात. गडावर कपाळाला जखम असलेला एक चिरंजीव फिरतो आणि वाटसरूकडे तेल मागतो, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. "माझा विश्वास नाही हो," मावसाजी म्हणत, "पण मागितलं तर मंग नाही काहून म्हणा?" वर्षानुवर्षं ती बाटली वर जाऊन खाली आली. कुणी मागितलं नाही. मग मावशी त्याच तेलाची वांग्याची भाजी करायची.

तरी या सगळ्यात गंमत अशी की गावात हळूहळू त्यांचं नाव झालं ते साधक म्हणून. दिवसातून पन्नास वेळा डोळे मिटून आत बघणारा, कुणाबद्दल वाकडा शब्द न काढणारा, आपल्या मनाचा झाडा स्वतः घेणारा माणूस म्हणजे पोचलेलाच असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. कारखान्याच्या मालकीणबाई एकदा नारळ घेऊन आल्या आणि "ध्यान कसं लावायचं ते शिकवा" म्हणाल्या. मावशी आतून म्हणाली, "या, बसा. आमचं ध्यान तिकडं बसलं हाये, टॉवेल गुंडाळून." मावसाजींनी त्यांना खरंच काहीतरी सांगितलं असावं, कारण बाई पुढे बरेच दिवस पर्समध्ये खडू ठेवत होत्या.

आणि थट्टा पुरे करून खरं सांगायचं तर मलाही त्यांनी शिकवलं. दहावीच्या परीक्षेआधी मला रात्रंदिवस एकच दिसे, की गणिताचा पेपर कोरा आहे आणि मी त्याच्यासमोर बसले आहे. मावसाजी म्हणाले, "त्याच्याशी भांडू नको. त्याले हाकलू पण नको. आला का? रेघ मार. कापड पुढं जाऊ दे." मी कंपासपेटीच्या झाकणावर रेघा मारू लागले. पहिल्या दिवशी एकतीस, मग वीस, मग सात. माझ्या मनात भीती येते आणि ती येताना मी तिला पाहू शकते, म्हणजे भीती वेगळी आणि पाहणारी मी वेगळी, हे मला त्या पत्र्याच्या पेटीने शिकवलं. पुढे मी शिकले, शाळेत गणितच शिकवू लागले, पण याहून मोठं कुणी मला काही शिकवलेलं नाही. फक्त एक गोष्ट मला कळत नसे. माझ्या रेघा कमी झाल्या, मालकीणबाईंच्या झाल्या असतील, पण ज्यांनी औषध दिलं त्यांच्या बाहीवरच्या रेघा इतक्या वर्षांत एकीनेही का कमी होऊ नयेत?

दोष ओळखण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा कारखान्यात कापडाचं एका थानामागून एक थान खराब निघू लागलं. मालक सुताच्या व्यापाऱ्याला शिव्या देत होते. मावसाजींनी फुटपट्टी घेतली आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचं अंतर मोजलं. दर वेळी तेवढंच. ते म्हणाले, "शेठ, सुताले बोलू नका. दोष असा सारख्या अंतरानं आला तर तो धाग्यात नसते, मागात असते." माग उघडला तर आतला एक रूळ झिजलेला होता. ही गोष्ट ते कौतुकाने शंभर वेळा सांगत. ती आपल्यालाही लागू पडेल असं त्यांना त्या शंभर वेळांत एकदाही वाटलं नाही.

या सगळ्या साधनेचा उगम म्हणजे असीरगड. लग्नानंतर चौथ्या-पाचव्या महिन्यात ते मावशीला घेऊन गडावरच्या महादेवाला गेले होते. वाटेवर, पायऱ्यांच्या कडेला, एक म्हातारे बाबा बसलेले होते. मावसाजींनी लांबून नमस्कार केला. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, हात वर केला आणि म्हणाले, "बेटा, ध्यान रखना." एवढंच. पुन्हा डोळे मिटून घेतले. मावसाजींच्या अंगावर काटा आला. ध्यान रखना! कशावर? पायऱ्या चढता चढता त्यांना उमगलं की मनावर, दुसरं काय असणार. गड उतरेपर्यंत दीक्षा पक्की झाली होती आणि दुसऱ्या दिवशी पहिली रेघ पडली. हा प्रसंग सांगताना त्यांचा आवाज कापायचा. मावशी तेव्हा नेमकी उठून स्वयंपाकघरात जायची.

ती का जायची, ते मला जळगावच्या एका इस्पितळात कळलं.

मावशीच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, वयामुळे धोका आहे तेही सांगितलं, आणि त्या क्षणापासून मावसाजींच्या डोक्यातल्या टेबलावरचं कापड एका जागी अडलंच. त्यांच्या मनात तो एक विचार आला. रेघ मारली. पुन्हा आला. पुन्हा मारली. ते जेवेनात, कारण जेवताना खडू हातात धरता येत नाही. बोलेनात, कारण बोलता बोलता एखादी रेघ राहून जाईल. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मावशीने त्यांना खाली चहा प्यायला पाठवलं आणि मला जवळ बोलावलं. तिचे केस हिरव्या टोपीत बांधले होते आणि ती फार लहान दिसत होती.

"एक गोष्ट सांगून ठेवते," ती म्हणाली. "असीरगडच्या त्या बाबांची. मी मागंच व्हती ना यांच्या. यांचा पाय जिथं पडून राह्यला व्हता ती पायरी हालत व्हती. बाबा तिचंच बोलले. पायरी हालते म्हणून म्हणले, ध्यान रखना, म्हंजे सांभाळून. मले हातानं दाखवली पण. यांनी वर पाह्यलं, खाली पाह्यलंच नाही."

मला हसू आलं. "मग तू कधी सांगितलं का नाहीस?"

"नवं नवं लग्न. हे एवढे खूश झाले व्हते. मंग उद्या सांगू, परवा सांगू करता करता उमर निघून गेली." ती थोडा वेळ दम घेत राहिली. "आता ऐक. मी आली बाहेर, तर काही बोलू नको. पण मले काही झालं तर यायले सांगून टाक. नाही तर हे पक्कं धरून बसतीन का माझ्याच विचारानं ती गेली. असं मनात घेऊन हे एक महिना नाही जगणार. समजलं?"

मी मान हलवली. स्ट्रेचर आलं. मावसाजी धावत आले तेव्हा ती म्हणाली, "अहो, तो शर्ट बदला ना, किती निळा केला." हे शेवटचे शब्द असतील का, असं माझ्या मनात आलं आणि माझा हात नकळत खिशाकडे गेला. खडू नव्हता.

बाहेरच्या बाकड्यावर आम्ही दोघं बसलो. एक तास, दोन तास. दारावरचा लाल दिवा पेटलेलाच. मावसाजींची डावी बाही खांद्यापर्यंत भरली, मग उजवी सुरू झाली, आणि अकराच्या सुमाराला खडू त्यांच्या बोटांत चुरा होऊन संपला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला ते डोळे आजही आठवतात. "पेन दे," ते म्हणाले. माझ्या पर्समध्ये शाळेचं लाल पेन होतं. ते मी काढलंच नाही. मला वाटत होतं सांगून टाकावं, आत्ताच सांगावं, की मावसाजी, सोडा हे, कुठली दीक्षा नि कुठलं काय, एक दगड हालत होता. पण मावशी अजून आत होती, जिवंत होती, आणि आत्ता सांगणं म्हणजे ती गेली असं मानण्यासारखं होतं. मीही भ्यायले. त्यांच्याच शाळेतली विद्यार्थिनी मी.

पेन मिळेना म्हणून ते नुसते बाहीकडे बघत बसले. बराच वेळ. मग त्यांनी माझ्या हातातली औषधांची चिठ्ठी घेतली, तिची कड बाहीवर ठेवली आणि एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत सरकवली. पुढची. त्याच्या पुढची. धंद्यातली सवय, दुसरं काही नाही. पण त्यांचा हात थांबला.

"सारख्या अंतरावर हायेत," ते म्हणाले.

"काय?"

"बघ ना. सगळ्या सारख्या अंतरावर. आणि सगळ्या एकाच विचाराच्या." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आजच्या नाही, बेटा. रोजच्याच. ती बाजारात गेली, तेव्हाची हीच. तू नदीवर गेली, तेव्हाची हीच. ट्रक, पूल, गॅस, सगळ्याईच्या मागं एकच. माणूस सोडून जाईन. मी सुताले दोष देऊन राह्यलो इतके वर्षं. हा धागा खराब, तो धागा खराब. अन् दोष मागात हाये."

मी विचारलं, "मग माग दुरुस्त करायचा कसा?"

"तो झिजलेला रूळ काढून फेकला आम्ही तेव्हा," ते म्हणाले. "पण हा कसा काढू? हा काढला तर तिची माया पण त्याच्यासंगंच निघन." आणि ते रडू लागले, अगदी आवाज करून, सगळ्या बाकड्यांवरच्या लोकांदेखत. मात्र एक सांगते. त्या रडण्यात पहिल्यांदा भीती नव्हती.

मावशी बाहेर आली. शुद्धीवर आल्यावर तिने आधी त्यांची बाही पाहिली आणि मग माझ्याकडे. मी मान हलवली, सांगितलं नाही म्हणून. ती हसली.

त्यानंतरची तीन वर्षं मावसाजींच्या आयुष्यातली चांगली वर्षं. रेघा थांबल्या नाहीत, पण त्यांचा रुबाब गेला. विचार आला की ते "आला बघ" म्हणत, पाहुण्याला ओळखावं तसे, आणि कधी खडू काढत, कधी कंटाळा करत. गॅस एकदा स्वतः 'बंद' केला. पुलावर एक पाय खाली ठेवू लागले. आणि मग एका साध्या दुपारी ते मावशीला आवडते म्हणून मावा जिलबी आणायला गेले. रांगेत ओळखीचा भेटला, केळीच्या भावावर गप्पा झाल्या, दोघं कशावरून तरी खूप हसले. घरी आले तर मावशी खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती. मांडीवर त्यांचाच शर्ट होता, बटण लावायला घेतलेला.

मी पोचले तेव्हा ते तिच्यासमोर जमिनीवर बसले होते, जिलबीचा पुडा हातात तसाच. त्यांनी डावा हात माझ्यापुढे केला. बाही पांढरीस्वच्छ होती. "आज एक पण नाही," ते म्हणाले. "आज मी विचारच नाही केला."

तेव्हापासून मी भीत होते. मावशीने सांगितलं होतं की ते म्हणतील माझ्या विचाराने गेली. ते हे म्हणत नव्हते. पण उलटं म्हणत असतील तर? की मी एक दिवस पहारा सोडला आणि तेवढ्यात गेली? ते काहीच बोलत नव्हते. तेरा दिवस नाही, महिना नाही. खिशात खडू असे, बाही पांढरी असे, आणि मला ती पांढरी बाही बघवत नसे. मावशीचा निरोप अजून माझ्याकडेच होता. सांगितला तर त्यांचं एकुलतं एक बळ हिरावलं जाणार, न सांगितला तर मावशीला दिलेला शब्द मोडणार. शेवटी श्रावणातल्या एका सकाळी तेच म्हणाले, "असीरगडले जाऊन येऊ." मी ठरवलं, तिथेच सांगायचं.

तेलाची बाटली बरोबर होती. आम्ही सावकाश चढत होतो, ते पुढे, मी मागे. ती जागा आली. बाबा कधीच गेले होते, तिथे आता एक लिंबूपाणीवाला बसतो. मी घसा खाकरला. "मावसाजी," मी म्हटलं, "त्या दिवशी ते बाबा तुम्हाला जे म्हणाले ना..."

पण मी बोलता बोलता त्यांच्याकडे बघत होते, पायाकडे नाही. पायाखालचा दगड डुगडुगला. मावसाजींनी झटकन वळून माझं कोपर धरलं आणि ओरडले, "ध्यान ठेवजो! हालून राह्यली ती!"

आणि ते तसेच उभे राहिले, माझं कोपर धरून, तोंड उघडं. आपण काय बोललो ते त्यांनी स्वतःच ऐकलं होतं. त्यांनी खाली पाहिलं. पायाने दगड दाबला. टक. पुन्हा दाबला. टक. मग बाबा बसायचे त्या जागेकडे पाहिलं, तिथून दगडाकडे. चाळीस-बेचाळीस वर्षांची तपश्चर्या माझ्या डोळ्यांसमोर त्या एका दगडावर डुगडुगत होती आणि मला काही करता येत नव्हतं.

"पायरीचं बोलले व्हते व्हय," ते अगदी हळू म्हणाले.

मी हो म्हणून मान हलवली.

"तिले माहीत व्हतं?"

"हो."

"म्हणून ती शर्ट धुतांना हसे," मावसाजी म्हणाले. "मी विचारे काय झालं, तर काही नाही म्हणे." आणि ते हसू लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. लिंबूपाणीवाला उठून बघू लागला. "बाई गं," ते म्हणाले, "अन् मी वर पाहत गेलो!" हसणं ओसरल्यावर ते पायरीवरच बसले. म्हणाले, "बरं झालं नाही सांगितलं. खाली पाह्यलं असतं तर मी नुसती पायरी ओलांडली असती." आणि मग, "ती माझ्या रेघेनं गेली नाही, अन् रेघ चुकल्यानं पण नाही. तिची वेळ झाली व्हती. मी हे घरीच समजून घेतलं व्हतं. पण तुले वाटून राह्यलं व्हतं का मले समजलं नाही, हो ना? रोज बाहीकडे पाहे तू."

त्यांनी खिशातून निळा खडू काढला, वाकले, आणि त्या हालत्या पायरीवर कारखान्यात करत तशी ठसठशीत फुली मारली. चारही बाजूंनी पाहून घेतली. "इतके वर्षं ही खूण राहून गेली व्हती," म्हणाले.

उतरताना ते पुन्हा पुढे होते; मधे एकदा माझा पाय जरा घसरला. खाली रस्त्यावर आल्यावर माझं लक्ष गेलं, तर डाव्या बाहीवर एक रेघ होती. नवी, ताजी.

"ही कधी मारली?"

"आत्ता. तू घसरली तेव्हा," ते ओशाळून म्हणाले. "हात गेला आपोआप."

मावशी गेल्यापासून त्यांचे शर्ट धुवायला माझ्याकडे येतात. बाहीवर हल्ली रोज तीन-चार रेघा असतात. मी शाळेतून उशिरा आले, मला ताप आला, मी फोन उचलला नाही, एवढंच. मी त्या मोजत नाही. साबण लावून बाही चोळायला घेतली की मला हसू येतं, आणि तेवढ्यात दारात उभे असलेले मावसाजी विचारतात, काय झालं? मी म्हणते, काही नाही.